हात न लावताही

श्रोतेहो, नमस्कार.

कुठल्याही कारखान्याच्या पॅनलरूममध्ये जा. पॅनलच्या दारावर कवटी आणि दोन हाडांचा लाल बोर्ड, खाली '४१५ व्होल्ट, धोका'. भिंतीवर शॉक बसलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा, याचा तक्ता. पायाखाली रबरी मॅट, खिळ्याला अडकवलेले रबरी हातमोजे. हा सगळा सरंजाम एकाच प्रश्नाचं उत्तर आहे : चुकून हात लागला तर? आणि ते उत्तर बरोबरच आहे. पण मी आज बोलणार आहे तो अपघात, म्हणजे आर्कने, विजेच्या प्रचंड ठिणगीने भाजण्याचा, हात न लावताही होतो.

मी पस्तीस वर्षं कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. त्यातली नव्वदच्या दशकातली एक संध्याकाळ सांगतो. पावसाळा, सेकंड शिफ्ट. एका फीडरच्या, म्हणजे एका भागाला वीज नेणाऱ्या लाइनच्या, केबलची लग, तिची टोकाची जोडणी, गरम होत होती. पॅनलचं दार उघडलं की पीव्हीसी करपल्याचा वास यायचा. काम काय, तर एक नट आवळायचा. मी म्हटलं, फीडर बंद करून घेऊ. प्रॉडक्शनचे सुपरवायझर म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं काम. त्यासाठी सगळी लाइन पाडता का?" आमचा वायरमन जुना, हाताला सराव. तोही म्हणाला, "साहेब, करतो मी. हातमोजे आहेत की." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा हिशेब अजून संपलेला नाही.

सोळा-सतराचा पाना नटावरून निसटला आणि शेजारच्या फेजला टेकला. आवाज कसा, तर बंद खोलीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा. पांढरा उजेड, मग अंधार, मग घशात बसणारा धूर. आम्ही आत धावलो. तो भिंतीला टेकून बसला होता, शुद्धीवर. सगळ्यांनी एकच विचारलं, "शॉक बसला का?" तो म्हणाला, "नाही, शॉक नाही बसला." आणि सांगायला लाज वाटते, आम्हाला हायसं वाटलं! हातमोजे धड होते. भुवया मात्र नव्हत्या, आणि टेरीकॉटच्या शर्टाची बाही वितळून दंडाला चिकटली होती. त्यानंतर चार महिने तो घरी होता.

तर शॉक न बसता हे झालं कसं?

वेल्डिंगचा आर्क तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. काळ्या काचेशिवाय बघवत नाही. तो आर्क शंभर-दोनशे अँपिअरचा असतो. आता आमच्या पॅनलमागचा ट्रान्सफॉर्मर घ्या : क्षमता १००० केव्हीए, आणि इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, ५ टक्के. मोठे कारखाने सोडा, मध्यम कारखान्यातही असा असतो. त्याचा पूर्ण भाराचा करंट साधारण १४०० अँपिअर. पण त्याच्या तोंडाशी थेट शॉर्टसर्किट झालं, तर करंट वीसपट, म्हणजे सुमारे २८ हजार अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. वेल्डिंग मशीन आणि हा, दोघांत नातं असलं तर दिवाळीची फुलबाजी आणि जळती गंजी यांचं.

पाना दोन फेजमध्ये आला की क्षणात त्याचं आणि बसबारचं, म्हणजे पॅनलमधल्या तांब्याच्या पट्टीचं, टोक वितळतं. मधली हवा तापून स्वतःच वीज वाहू लागते. मग पान्याची गरजच उरत नाही. आर्कच्या गाभ्याचं तापमान २० हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या घरात आहे. आणि तांब्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते, तेवढ्यावर रेल्वेची इंजिनं धावली. तांबं ६७ हजार पट जागा मागतं. म्हणून पॅनलचं दार उडतं, कानाचे पडदे फाटतात, वितळलेल्या धातूचे थेंब अंगावर येतात. हे सगळं होताना माणसाच्या अंगातून एक अँपिअरसुद्धा गेलेला नसतो. जातो तो उजेड आणि उष्णता.

जगालाही हे उशिराच लक्षात आलं. राल्फ ली या अमेरिकन इंजिनिअरने १९८२ साली या भाजण्याचं गणित मांडलं. मग हळूहळू मोजमाप ठरलं : कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी उष्णता पोचली की फोड येणारी, दुसऱ्या दर्जाची भाजणूक. लायटरच्या निळ्या ज्योतीवर बोट सेकंदभर धरलं तर साधारण तेवढीच उष्णता लागते. फरक एवढाच की इथे ती एका बोटाला नाही, चेहरा, मान, छाती सगळ्याला एकदम लागते.

या गणितात एक गोष्ट आहे, ती इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी जरा कान देऊन ऐकावी. भाजणं करंटवर जेवढं अवलंबून, तेवढंच वेळेवर. आर्क ०.१ सेकंदात तुटला आणि समजा ८ कॅलरी बसली, तर तोच आर्क ०.५ सेकंद टिकल्यावर ४० कॅलरी बसते. आता आपण काय करतो? छोटा फॉल्ट झाला तर फक्त तो फीडर पडावा, सगळा कारखाना अंधारात जाऊ नये, म्हणून इनकमरला, म्हणजे सगळ्या पॅनलला वीज देणाऱ्या मुख्य ब्रेकरला, मुद्दाम उशीर देतो. प्रॉडक्शनसाठी ते योग्यच. पण इनकमरच्या खाली, बसबारवर काम करणाऱ्याच्या वाट्याला तो अख्खा उशीर येतो. शिवाय आर्कमधून जाणारा करंट थेट शॉर्टपेक्षा कमी असतो. कमी म्हणून दिलासा वाटेल, पण फ्यूज आणि ब्रेकरला ट्रिप करायला लावणारे रिले तो करंट पाहून आणखी सावकाश जागे होतात. नव्या ब्रेकरना काम करतेवेळी तत्काळ ट्रिप होण्याचा मेंटेनन्स मोड असतो, आर्कचा उजेड पाहून ट्रिप करणारे रिलेही मिळतात. ते घ्या. पण आधी रिलेचं सेटिंग शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, 'कमिशनिंगच्या वेळी.' म्हणजे पॅनल पहिल्यांदा चालू केलं तेव्हा.

दर वेळी पानाच लागतो असंही नाही. केबल आत घेतलेल्या भोकाला ग्लँड, म्हणजे फट बंद करणारी जोडणी, नसते, तिथून पाल शिरते, उंदीर शिरतो. ड्रॉ-आउट, म्हणजे पॅनलमधून बाहेर ओढता येणारा, ब्रेकर आत ढकलताना संपर्क वाकडा बसतो, तो क्षण सगळ्यांत वाईट. आणि मल्टिमीटर! लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिलेली असते आणि आपण ४१५ व्होल्ट मोजायला जातो. म्हणजे स्वतःच्या हाताने शॉर्ट केलं. नाकासमोर, हातभर अंतरावर.

मग करायचं काय? चालू लाइनवर काम करायचं नाही. इतकं साधं आहे, आणि इतकंच अवघड आहे. बंद करणं म्हणजे नुसता हँडल खाली ओढणं नव्हे. वीज कुठून कुठून येते ते आधी बघायचं : जनरेटर, यूपीएस, आता छतावरचं सोलर. कपॅसिटर पॅनल बंद केल्यावरही काही वेळ भरलेलं राहतं. हँडल ओढताना पॅनलच्या समोर छाती काढून उभं राहायचं नाही. बाजूला राहायचं, तोंड वळवायचं. मग कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मग तपासणी. मीटर आधी चालू असलेल्या जागी लावून बघा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू जागी. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर? निऑनच्या टेस्टरवर जीव टाकू नका. आणि ही तपासणी होईपर्यंत लाइन चालूच आहे असं धरायचं. आर्कचा सूट आणि तोंडावरची ढाल लागते ती इथे. शेवटी अर्थिंग.

सूटवर कॅलरीचा आकडा लिहिलेला असतो : ८, २५, ४०. तुमच्या पॅनलचा आकडा किती हे काढलेलं नसेल तर सूटवरचा आकडा वाचून उपयोग नाही. आतले कपडे सुती हवेत. टेरीकॉटचा युनिफॉर्म धुवायला सोपा, इस्त्री टिकते, म्हणून खरेदी विभागाला आवडतो. तो वितळतो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. देवाचं असेल तर देव समजून घेईल.

आणि पॅनलसमोरची जागा. स्विचबोर्डपुढे किमान १ मीटर मोकळं हवं, हे १९५६च्या नियमांत होतं, २०१०च्या नियमावलीतही होतं. बोर्डामागे उघड्या जोडण्या असतील तर मागची जागा २० सेंटीमीटरहून कमी हवी किंवा ७५हून जास्त. म्हणजे एक तर माणूस शिरूच नये, नाही तर शिरला तर पळता यावं. मी पाहिलेल्या पॅनलरूममध्ये त्या एक मीटरात सायकल होती, पुठ्ठ्याचे खोके होते, एकदा तर वाळत घातलेला टॉवेल होता.

भाजलाच कुणी, तर आधी वीज बंद. मग साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. हळद नको, टूथपेस्ट नको, चिकटलेला कपडा ओढून काढू नका. तो म्हणेल, ठीक आहे मी. तरी दवाखान्यात न्या.

त्या अपघातानंतर आम्ही कुलपं आणली. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली, दुसरी किल्ली नाहीच. काही वर्षांनी एक तरुण फिटर काम आटोपून, किल्ली खिशात तशीच ठेवून, शिफ्टच्या बसने सिन्नरला घरी गेला. इकडे लाइन उभी. कुणीतरी कटर घेऊन आलं. तेव्हाचे ते सुपरवायझर आता मॅनेजर झाले होते, पॅनलसमोर उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, दोन मिनिटांचं काम. त्यांनी कटर परत पाठवला, आणि सिन्नरला जीप धाडली. अडीच तास लाइन बंद होती. पोरगा आला तेव्हा घाबरलेला, पायात घरातलीच स्लीपर.

"बूट घालून ये आधी," मॅनेजर म्हणाले, "मग कुलूप काढ."

नमस्कार.