कडेवरचा रेटा आणि तापीचं खोरं

मंडळी, जळगावात भूपट्टांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला त्याच्याशी काय संबंध? इथं समुद्र नाही, ज्वालामुखी नाही, हिमालय हजारभर किलोमीटर लांब. भारतीय भूपट्टाची कुठलीच कड खानदेशाजवळून जात नाही, हे खरंच आहे. पण कडेवर जे घडतं त्याची झळ मधल्यांनाही लागते. तापीच्या खोऱ्यात ती स्पष्ट दिसते.

पृथ्वीचं बाहेरचं कठीण कवच अखंड नाही. सरासरी शंभरेक किलोमीटर जाडीचे त्याचे मोठाले तुकडे आहेत, तेच भूपट्ट. ते खालच्या वितळलेल्या रसावर तरंगतात, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तसं नाही. खालचा खडक घनच आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशेबात तो सावकाश वाहतो. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे या सभागृहातल्या पन्नाशीच्या माणसाचं शेत त्याच्या जन्मापासून अडीच मीटर सरकलंय. सातबाऱ्यावर नोंद नाही, एवढंच!

सरकवतं कोण? अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग नावाची समुद्राखालची पर्वतरांग आहे. तिथं दोन भूपट्ट दूर जातात, खालचा तप्त खडक वर येतो, वरचा दाब उतरल्यामुळे थोडा वितळतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. हा नवा खडकच भूपट्टाला ढकलत असेल, असं वाटणं साहजिक आहे. ढकलतोही थोडाफार. खरा जोर मात्र बहुतेक भूपट्टांच्या दुसऱ्या टोकाला असतो. जुना समुद्रतळ थंड आणि जड होत जातो आणि कडेशी खाली बुडू लागतो. खाटेवरून गोधडीचं एक टोक बरंच खाली लोंबलं की उरलेली गोधडी आपोआप घसरते, तसं हे बुडणारं टोक अख्ख्या भूपट्टाला ओढतं. अंदमान-सुमात्राजवळ समुद्रतळ असाच खाली जातोय. तिथला अडकलेला ताण २६ डिसेंबर २००४ला सुटला. सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली, भूकंपाची तीव्रता होती ९.१, आणि त्सुनामी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

उत्तरेला गोष्ट वेगळी. पूर्वी भारत वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने चालला होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. खंडाचा खडक हलका, तो समुद्रतळासारखा सहज बुडत नाही. मग तो चुरगळला, थरावर थर चढले, हिमालय उभा राहिला. वेग कमी झाला, पण रेटा थांबलेला नाही. दूर जाणाऱ्या आणि भिडणाऱ्या कडांखेरीज तिसऱ्या प्रकारच्या कडांवर भूपट्ट नुसते एकमेकांना घासत जातात. कॅलिफोर्नियातला सॅन आंद्रियास भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजूंचा खडक सरकतो अशी भेग, प्रसिद्ध आहे, तिकडे आज वळत नाही.

आता आपल्याकडे येऊ. नर्मदा आणि तापीचा पट्टा ही भारतीय भूपट्टाच्या पोटातली फार जुनी दुखरी जागा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले त्या काळात इथलं कवच ताणलं गेलं, त्याला भेगा पडल्या. साक्री, नंदुरबारकडे फिरताना सरळ, अरुंद, लांबच लांब टेकड्या दिसतात ना? त्या भेगांत शिरून थिजलेला तो लाव्हा. भोवतालचा खडक झिजला, हा उरला.

पुढे हिमालयाची टक्कर झाली आणि ताणाच्या जागी दाब आला. ताणाने पडलेले भ्रंश आता दाबाखाली उलट्या दिशेने सरकू शकतात. १४ मार्च १९३८ला सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ला जबलपूर हादरलं, तीव्रता ५.८, केंद्र पस्तीसेक किलोमीटर खोल. त्या नोंदींत ही उलटी हालचाल स्पष्ट दिसली. कड हजार किलोमीटरवर, आणि जुनी भेग इथं हलते!

याच भ्रंशांनी आपल्याला दिलंही आहे. सातपुड्याचा ठोकळा वर, तापीचा तळ खाली; त्या खोलगट भागात डोंगरातला गाळ साचत गेला, काही ठिकाणी शेकडो मीटर. रावेर-यावलची केळी त्या गाळावर उभी आहे. नदीही मुकाट त्या खोलगट वाटेने पश्चिमेला निघाली. गोदावरी, कृष्णा पूर्वेला गेल्या तरी हिचा रस्ता वेगळा.

मघाशी चोपड्याच्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: अडावदजवळच्या उनपदेवाला गरम पाणी येतं, म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का? नाही, ताई. खोल जावं तसा खडक तापतच जातो, साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. लाव्हा कधीच थिजला, भेगा शिल्लक आहेत.