वाटीतलं मीठ, आगरातलं मीठ
(विज्ञान शिक्षकांसमोर केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

हे बघा, या वाटीत मी मीठ, वाळू आणि लोखंडाचा कीस एकत्र केलाय. ही वाटी वर्गात दिली की बहुतेक पोरं आधी पद्धतीचं नाव आठवायला लागतात, गाळणे का, चुंबक का, ऊर्ध्वपातन का, कारण परीक्षेत आपण तेच विचारतो ना, "पद्धतींची नावे लिहा". मी म्हणतो नाव राहू दे रे, आधी सांग या तिघांत फरक कुठं आहे. पाण्यात कोण विरघळतं, चुंबकाला कोण चिकटतं? फरक सापडला की पुढचं मुलं स्वतःच सुचवतात. घरी आजी सुपात तांदूळ पाखडते तेव्हा तीही फरकच वापरते, कोंडा हलका आणि दाणा जड.

मग येतो क्रम. एका वर्षी एका गटाने चुंबकाचं नंतर बघू म्हणून सगळं आधी पाण्यात ओतलं आणि वाटी शनिवार-रविवार तशीच राहिली. सोमवारी पाणी तांबूस, कीस गंजलेला, खारट पाण्यात गंज लवकर चढतो. मी ते फेकू दिलं नाही. गंज हा नवाच पदार्थ झाला, आता कितीही गाळा नाहीतर चुंबक फिरवा, जेवढं गंजलं तेवढं लोखंड परत मिळत नाही. भौतिक पद्धत म्हणजे पदार्थ होता तसाच परत मिळायला हवा, हे वाक्य मी दहा वर्षं फळ्यावर लिहितोय पण त्या वाटीने ते जास्त चांगलं शिकवलं. (चुंबकाला आधी कागद गुंडाळा बरं का, नाहीतर कीस सोडवताना नाकी नऊ येतात.)

आणि कृपा करून वजन करा. 10 ग्रॅम मीठ घातलं आणि शेवटी 8 ग्रॅमच मिळालं, तर 2 ग्रॅम गेलं कुठं? थोडं ओल्या वाळूतच अडकलेलं असतं, म्हणून वाळू अजून दोनदा थोड्या थोड्या पाण्याने धुवायची आणि ते पाणी पण आधीच्या पाण्यात मिसळायचं. थोडं आटवताना तडतडून बाहेर उडतं, म्हणून पाणी संपत आलं की आच मंद करायची. पोरं इथं खरी रंगतात, हरवलेलं मीठ शोधायला.

आता कोणी विचारेल, मिठाचं पाणी आटवायचं कशाला, गरम पाण्यात भरपूर विरघळवून थंड केलं तर खडे नाही का पडणार? तुरटीचे पडतात, मिठाचे फारसे नाही. 100 मिली गार पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यातसुद्धा 39 च्या आसपास, म्हणजे थंड करून हाती फार थोडं येणार. पाणी उडवूनच लावावं लागतं.

तेच काम पेण-उरणकडच्या मिठागरांत ऊन आणि वारा करतात. आगरी हे नावच आगरावरून आलेलं, तिकडच्या वर्गात हा धडा मुलांच्या घरातला आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी आटत आटत साधारण पाचवा हिस्सा उरलं की जिप्सम बसायला लागतं, दहावा हिस्सा उरला की मीठ. आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, म्हणून वाफ्यातलं पाणी पूर्ण सुकू देत नाहीत, उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. सगळंच सुकवलं असतं तर मीठ कडू लागलं असतं. एका पाण्यातून एकेक क्षार वेगळा काढायचा आणि नेमकं कुठं थांबायचं, हे ज्ञान किती मोठं आहे बघा, आणि पुस्तकात त्याला "बाष्पीभवन" एवढा एकच शब्द.

शेवटी एक खडूचा प्रयोग, याला काहीच सामान लागत नाही. खडूच्या खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ काढा आणि खडू पाण्यात उभा ठेवा, रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पाणी वर चढतं तसे काळ्यातून निळे, जांभळे, पिवळे पट्टे सुटतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातली रंगद्रव्यं अशीच वेगळी केली, काचेच्या नळीत खडूची पूड भरून. पर्मनंट मार्कर मात्र पाण्यात हलत नाही, त्याला स्पिरिट लागतं. का, ते मुलांनाच विचारा, आणि येताना प्रत्येकाला वेगवेगळ्या कंपनीचं काळं पेन आणायला सांगा, पट्टे वेगळे निघतात.