आधी कुठं न्यायचं?

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाला अचानक काही झालं की आपण आधी ओळखीचा दवाखाना गाठतो. ताप-खोकल्याला ते बरोबरच आहे. लकवा, छातीत कळ, सर्पदंश असेल तर मात्र लागणारा उपचार तिथं त्या घटकेला मिळेल का, एवढंच बघायचं. नाहीतर अर्ध्या तासानं "पुढं न्या" म्हणतात, आणि तो अर्धा तास परत मिळत नाही.

लकव्याचंच बघा. तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोलणं बोबडं होतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी हेच, आणि रक्तस्राव झाला तरी हेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असताना दिलं तर जिवावर बेततं. फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्ये. म्हणून निघतानाच फोन लावून विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? लकव्याचं इंजेक्शन देता का? दोन्हीला हो म्हणतील तिथंच जा. पेशंट झोपेतून तसाच उठला असेल, तर रात्री शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा. साडेचार तास तिथून मोजतात. तोंडानं पाणी नको, बीपीची गोळीही नको. गिळता येत नसेल तर ते थेट श्वासनलिकेत जातं.

छातीत दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर "गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. शहरात असाल तर अँजिओप्लास्टीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. सुरगाण्याहून नाशिकला यायला दोन तास सहज जातात. तिकडच्या मंडळींनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढावा, तिथं औषधं सुरू करावीत आणि मग १०८ नं पुढं यावं. या गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. पत्ता सांगताना गावाबरोबर फाटा, मंदिर, पंप अशी खूण सांगा.

साप चावल्यावर सरकारी रुग्णालयच गाठा. तिथं सापाची लस मोफत मिळते. दोरी आवळू नका, चीर देऊ नका. हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा. मण्यारचा दंश झोपेत कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं तर जखम शोधत बसू नका, निघा.

सातपूर-अंबडच्या कामगार बंधू-भगिनींसाठी एक मुद्दाम सांगतो. प्रेस मशीनमध्ये बोट तुटलं की तुकडा सरळ बर्फात टाकतात, आणि बर्फ लागून त्यातल्या पेशी मरतात. तुकडा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओल्या करून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. असं थंड ठेवलेलं बोट साधारण चोवीस तास जोडण्यालायक राहतं, उघडं ठेवलेलं बाराच. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. हळद किंवा चहापूड लावू नका, डॉक्टरांना आधी तीच खरवडून काढावी लागते. फोनवर विचारायचं ते असं: बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन आत्ता येतील का?

श्वास अडतोय, शुद्ध हरपली आहे किंवा रक्त थांबतच नाही, तेव्हा फोनाफोनी नको. सगळ्यात जवळच्या रुग्णालयात शिरा. तातडीच्या पेशंटला प्राथमिक उपचार देणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. पोलीस येईपर्यंत थांबायची गरज नाही. रस्त्यावरच्या जखमीला उचलून आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

आधार कार्ड शोधायला थांबू नका, ते मागून कुणीतरी आणेल. चालू गोळ्यांची पिशवी मात्र उचला. विषबाधा असेल तर फवारणीच्या औषधाची बाटली लेबलासकट न्या.