स्केचअपमधून ट्विनमोशनमध्ये नेलं की भिंत गायब? आधी फेस बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली फिरून फिरून एकच प्रश्न आलाय: "ताई, स्केचअपमध्ये मॉडेल मस्त दिसतं, ट्विनमोशनमध्ये नेलं की काही भिंती दिसतच नाहीत, काही पांढऱ्याफटक होतात." आज त्याच्यावरच बोलू. नवख्यांसाठी: स्केचअप म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, ट्विनमोशन त्या मॉडेलचं खरंखुरं दिसणारं चित्र, म्हणजे रेंडर काढणारं, आणि फेस म्हणजे मॉडेलचा एकेक सपाट पृष्ठभाग.

एक्सपोर्टचं पटकन सांगते, ते तुम्हाला येतंच. ट्विनमोशन किंवा अनरियलसाठी डेटास्मिथ फॉरमॅट. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी जीएलबी फॉरमॅट, ते स्केचअप 2024 पासून थेट मिळतं. मटेरियलना, म्हणजे फेसला लावलेल्या रंग-पोताला, नीट नावं द्या, न वापरलेली पर्ज करा, म्हणजे काढून टाका. झालं.

आता खरा मुद्दा. स्केचअपच्या प्रत्येक फेसला दोन बाजू असतात, पुढची आणि मागची, आणि दोन्हींना वेगवेगळं मटेरियल लावता येतं. तुम्ही बकेट, म्हणजे मटेरियल भरायचं टूल घेऊन समोर दिसेल त्या बाजूवर विटांचं टेक्स्चर ओतता. ती बाजू मागची असली तरी स्केचअप काही बोलत नाही, विटा दाखवतं. ट्विनमोशनसारखं रिअल-टाइम इंजिन, म्हणजे चित्र तिथल्या तिथे काढणारं सॉफ्टवेअर, मात्र काम वाचवायला सहसा फेसची पुढचीच बाजू काढतं. तुमच्या विटा मागच्या बाजूला, म्हणून भिंत गायब.

हे मला एका जिन्याने शिकवलं. सादरीकरणाच्या आदल्या रात्री अठरापैकी सात रायझर, म्हणजे पायऱ्यांचे उभे भाग, दिसेनात. मी तीन वेळा एक्सपोर्ट केलं, टेक्स्चरचे पाथ तपासले, दोन तास घालवले. शेवटी स्केचअपमध्ये फेस स्टाइल मोनोक्रोम केली, म्हणजे मटेरियल लपवून फक्त फेसच्या बाजूंचे रंग दाखवणारी. अकरा रायझर पांढरे, सात निळसर राखाडी. तो निळसर राखाडी रंग म्हणजे फेसची मागची बाजू. तेव्हापासून एक्सपोर्टआधी मी मोनोक्रोम लावून मॉडेलभोवती एक पूर्ण फेरी मारतेच. बाहेरून कुठेही निळं दिसता कामा नये.

दुरुस्ती अशी: एका बरोबर, म्हणजे पांढऱ्या फेसवर राइट क्लिक, ओरिएंट फेसेस. जोडलेले सगळे फेस त्याच्यासारखे होतात. पांढऱ्याच फेसवर हं! निळ्यावर केलंत तर बरोबर असलेलेही उलटतील. एकटादुकटा असेल तर रिव्हर्स फेसेस.

आणि इथेच बहुतेक जण अडकतात. फेस उलटवला की मटेरियलही बाजूसोबत फिरतं. बाहेर लावलेल्या विटा आत जातात आणि बाहेर डीफॉल्ट पांढरं येतं. मग कमेंट येते, "फेस सरळ केले, तर टेक्स्चरच गेलं." गेलं नाही, भिंतीच्या आत बसलंय. पुन्हा लावावं लागेल. म्हणून मॉडेल उभं राहिलं की आधी फेस सरळ करा, मग बकेट हातात घ्या.

बऱ्याच जणांनी लिहिलंय, "टू-साइडेडवर टिक करा की, कशाला एवढा खटाटोप?" टू-साइडेड म्हणजे इंजिनने फेसच्या दोन्ही बाजू काढायच्या. काच किंवा पानांसाठी करा, हरकत नाही. भिंतीसाठी हा सल्ला मला मनापासून खटकतो. भिंत दिसेल, पण इंजिनने मटेरियल पुढच्या बाजूचं उचललं असेल तर दिसेल ती पांढरी, विटांची नाही.

"ब्लेंडरमध्ये तर सगळं दिसतं," असंही एकाने विचारलंय. हो, ब्लेंडर सहसा मागची बाजूही काढतं, त्यामुळे चूक लपून राहते. तिथे ओव्हरले मेनूमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करा, उलटे फेस लाल दिसतील.

ब्लेंडरवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल (उंचसखलपणा) दाखवणाऱ्या मॅपची, म्हणजे चित्रांची, कलर स्पेस नॉन-कलर ठेवा. ग्लॉसिनेस (चकाकी) मॅप असेल तर तो इन्व्हर्ट, म्हणजे उलटा करूनच रफनेसला जोडा, नाहीतर खरखरीत प्लास्टर आरशासारखं चमकेल.

फेस तपासूनही भिंत दिसत नसेल, तर मोनोक्रोममधला स्क्रीनशॉट पाठवा. रेंडरचा नको, त्यावरून मला काहीच कळत नाही.