कोंगावरचा डावा हात

(पडदा काळा. कोंगा या हातांनी वाजवायच्या उंच ढोलावर आठ ठोक्यांचा एक फेरा, चारदा.)

आधी नुसतं ऐका.

तीन ठोके ठळक कानावर येतात. मध्येच एक कोरडी चापट आणि फेरा संपता संपता पाठोपाठ दोन भरदार, खुले ठोके. बाकी वेळ कुणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसं काहीतरी चालू आहे.

(चित्र उघडतं. वरून टिपलेले दोन हात.)

आता बघा. हात आठदा पडतोय. जे तीन ठोके ऐकले, ते उजव्याचे. उरलेले पाच डाव्याचे. निम्म्याहून जास्त काम करणारा हात जवळजवळ ऐकूच येत नाही.

या फेऱ्याला तुंबाओ म्हणतात. नृत्यसंगीत सोन असो, माम्बो असो की साल्सा, कोंगावादकाचा बहुतेक वेळ याच फेऱ्यात जातो. आणि हे वाद्य जिथलं, त्या क्यूबात त्याला कोंगा नव्हे, तुंबादोरा म्हणतात. मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बांटू भाषिकांच्या ढोलांचा हा वंशज. लाकडी पट्ट्या जोडून केलेलं, मध्ये फुगलेलं पिंप, वर जाड चामडं, खालचं तोंड उघडं. पूर्वी चामडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. वाजवण्याआधी ते विस्तवावर शेकायचं, म्हणजे ताणलं जायचं. रात्र चढली की सैल पडायचं, पुन्हा शेकायचं. लोखंडी कडी आणि आवळायचे बोल्ट विसाव्या शतकाच्या मध्याला आले.

इथे काठी नाही. हाताचा जो आकार, तोच आवाज.

(उजव्या हाताचं जवळून दृश्य, संथ गतीत.)

खुल्या ठोक्यापासून सुरुवात करू. बोटांच्या बुडाशी तळव्याला जो मांसल उंचवटा असतो, तो ढोलाच्या कडेवर येतो. चार बोटं जुळलेली, अंगठा बाहेर. तो कडेवर आपटला तर पुढचे दोन दिवस आठवण राहते. बोटं चामड्यावर सपाट पडतात आणि उडतात. शिकणारा इथे हात मुद्दाम उचलू लागतो. तशी गरज नसते. चामडं हात परत फेकतंच. त्याच्या आड आलं नाही की झालं. ताणलेलं अख्खं चामडं मोकळं थरथरतं आणि ढोलाचा मूळ स्वर स्पष्ट निघतो. हाच ठोका मारून बोटं तिथेच दाबून ठेवली की स्वर घशात अडकल्यासारखा येतो. तो बंद ठोका.

तळव्याने मध्यावर थाप मारली की चामड्यापेक्षा आतली हवा जास्त बोलते. मात्र ढोल जमिनीवर सपाट टेकलेला असेल तर हवेला वाट मिळत नाही आणि खर्ज मरतो. म्हणून बसून वाजवणारा गुडघ्यांनी ढोल किंचित तिरका धरतो.

आणि मग चापट. शिकणाऱ्यांची वर्षं खाणारी.

जागा जवळपास खुल्या ठोक्याचीच. हात तोच, उंची तीच. फरक इतकाच, की बोटं सैल सोडलेली, तळव्यात किंचित पोकळी, आणि चामड्याला भिडतात ती बोटांची टोकं. खालचा मूळ स्वर दबतो, वरचे तीक्ष्ण स्वर उसळतात. चापट साधत नाही म्हटल्यावर प्रत्येक जण जोर वाढवतो. जोर वाढवून खुला ठोकाच मोठा होतो, त्याची चापट होत नाही. उलट मनगट ताठरतं, बोटं सुजतात. तासन्‌तास जोरात वाजवणाऱ्यांच्या हातात तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी लालसर झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. अंगठी घालून वाजवणं ही तर निव्वळ बेफिकिरी: चामडंही जातं आणि बोटही.

(कॅमेरा डाव्या हाताकडे सरकतो.)

तर हा डावा. आधी तळव्याची टाच टेकते, मग बोटं पडतात. टाच, बोटं, टाच, बोटं. मनगटाच्या आसावर हात तराफ्यासारखा डुलतो. क्यूबन वादक याला मनोतेओ म्हणतात. पहिल्या मात्रेवर टाच, तिच्या अर्ध्यावर बोटं. दुसऱ्या मात्रेवर उजव्याची चापट, पण त्या क्षणी डावी बोटं चामड्यावरच आहेत. चापट इतकी कोरडी येते ती त्यामुळे: उजवा मारतो, डावा चामडं धरून ठेवतो. मग पुन्हा बोटं, टाच, बोटं. चौथ्या मात्रेला डावा बाजूला होतो, चामडं मोकळं होतं आणि उजव्याचे दोन खुले ठोके गुंजतात. त्यांची गुंज नेमकी कुठे थांबायची, हेही डाव्याची पुढची टाच ठरवते.

रुम्बा या क्यूबन नाचगाण्याच्या प्रकारात तीन ढोल असतात आणि तीन वादक. तुंबा आणि त्रेस दोस पाया धरतात, उंच स्वराचा किंतो मनसोक्त बोलतो. १९४०च्या सुमाराला क्यूबन संगीतकार आर्सेन्यो रोद्रिगेस यांनी हवानात आपल्या नृत्यवृंदात तुंबादोरा आणली, तेव्हा त्यांच्याकडे एकच ढोल होता आणि एकच वादक. एका माणसाने फेरा भरून काढायचा तर डाव्याला मोकळा सोडून कसं भागेल?

हवानाचेच कोंगावादक कान्दिदो कामेरो पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी याची कमाल केली. डाव्या हाताने एका ढोलावर तुंबाओ अखंड चालू, आणि उजवा दुसऱ्या ढोलावर स्वतंत्र बोलतोय. ऐकणाऱ्यांना दोन वादक आहेत असं वाटे.

(उजवा हात चौकटीबाहेर. मायक्रोफोन चामड्याच्या अगदी जवळ.)

आता तोच फेरा, उजव्याशिवाय. टाच, बोटं, मग एक रिकामी जागा. बोटं, टाच, बोटं, मग दोन ठोक्यांची जागा. पुन्हा टाच.