वस्ताद घोरतात का? क्लीनरला विचारा

नमस्कार मंडळी. माझ्या मागे दिसतंय ते कळंबोलीचं स्टील मार्केट. इथून रात्री सुटलेली गाडी सकाळी कागलच्या आसपास असते. आज लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर दादांच्या तपासणीबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात डॉक्टरांपासून नाही, क्लीनरपासून करायचीय.

वस्ताद केबिनमध्ये आडवे झाले की शेजारी तोच असतो ना! त्याला विचारा. घोरता घोरता आवाज मध्येच थांबतो का? काही सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होतं का? त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बंद होते, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चालू. सकाळी आठवत काही नाही. फक्त डोकं जड, तोंड कोरडं. आणि दुपारी हावेरीच्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो. आपण म्हणतो, जेवण अंगावर आलं.

माझे वडील २२ वर्षं याच लाईनवर होते. ते घोरायला लागले की आई आम्हाला गप्प करायची, "दमून आलेत, गाढ झोप लागलीय." ती गाढ झोप नव्हती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

(टेप हातात) कॉलरचं बटण लागतं तिथे मान मोजा. १७ इंचांच्या वर भरली आणि घोरणंही असेल, तर कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. रात्रभराची झोपेची तपासणी असते. वजन उतरवणं, गरज पडली तर झोपताना लावायचं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन, असे उपाय आहेत. बारीक माणसालाही हा त्रास होतो बरं का.

आता बीपी. टोलनाक्यावर शिबिर दिसलं की दादा खाली उतरतात, नुकताच चहा झालेला, तोंडात तंबाखू, आणि उभ्या उभ्या हात पुढे. तो आकडा धरू नका. अर्धा तास चहा-तंबाखू बंद, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग पट्टा बांधा. तरीही पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर येत असेल, तर डॉक्टर गाठा.

शुगरसाठी उपाशीपोटी जायला तुम्हाला जमणार कधी? म्हणून एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करा. जेवून गेलात तरी चालतं. साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. औषध घेताना "मी ट्रक चालवतो" हे सांगायचंच. काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरले, तर गाडी बाजूला घ्या आणि आधी साखर तोंडात टाका.

तिशीच्या पुढे बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावी गेलात की एक सकाळ तिथे द्या. कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, हुबळीच्या डॉक्टरांनाही दाखवता येतील.

आणि आज रात्री गाडी लागेल तिथे क्लीनरला तुमचं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. क्लीनर नसेल तर घरच्यांना सांगा. डॉक्टरांना आधी तेच ऐकवा.