नुसती सर्दीच आहे हो सिस्टर

परळ. टाटा हॉस्पिटलच्या आसपासचा रस्ता. कुठून कुठून पेशंट येतात इथे, नातेवाईक कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी चक्क फुटपाथवर. एवढ्या दाटीत एकाला सर्दी झाली की दहा जणांना होणारच, आणि त्यातलाच एक जण डबा घेऊन वॉर्डात जातो.

आता कुठल्याही कॅन्सर वॉर्डाचं दार डोळ्यासमोर आणा. एक मामा नाक पुसत उभे, रात्रभर एसटीत बसून भाच्याला बघायला आलेत. "नुसती सर्दीच आहे हो." सिस्टर सोडत नाही. बोलणी पण तीच खाते.

आत भाच्याची केमो झालीय, काउंट पडलेत, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली. मामांची ती नुसती सर्दी म्हणजे फ्लू असू शकतो, आरएसव्ही (सर्दीसारखाच सुरू होणारा श्वसनाचा विषाणू) असू शकतो, अशा पेशंटच्या छातीत उतरला की न्यूमोनिया. फ्लूला निदान ऑसेल्टामिविर तरी आहे, आरएसव्हीला तसं हमखास औषध नाही. आणि तो कॉटच्या दांड्यावर काही तास टिकतो! सिस्टरने दांडा धरला, सलाईनचा पंप बघितला, शेजारच्या कॉटकडे वळली, मधे ते २० सेकंद हँडरब चोळायचं राहिलं, की पोचला.

खरी गोची पुढे आहे. धडधाकट माणूस साधारण आठवडाभर आरएसव्ही पसरवतो, इथला पेशंट ४ आठवडे, कधी त्याहून जास्त, तेही ताप उतरून बरं वाटत असताना. म्हणून ताप गेला की आयसोलेशन काढलं असं इथे चालत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या खोल्यांची तर वेगळीच गंमत, बुरशी आत येऊ नये म्हणून तिथली हवा आतून बाहेर ढकलतात, पण आतलाच पेशंट खोकायला लागला तर? तीच हवा पॅसेजमध्ये. म्हणून मधे एक छोटी खोली लागते, दोन दारांची.

स्वॅब, मास्क, फ्लूची लस, सगळं ठीक, पण खोकत कामावर आलेल्या मावशींना घरी पाठवायचं तर त्यांचा दिवसाचा पगार कापायचा नाही, हे आधी ठरवा ना. नाहीतर त्या खोकला दाबून फरशी पुसणारच.

मामा खाली बाकड्यावर बसलेत, व्हिडिओ कॉल लावून. भाचा हसतोय, मास्क उलटा घातलाय म्हणून.